चारचाकी जोराची गाडी घेताय? गिअरची की ऑटोमॅटिक?

गेल्या दोन-तीन वर्षांत शिवारफेरीला गेलो की करपा, नागअळी, खताचा डोस या नेहमीच्या प्रश्नांबरोबर एक नवाच प्रश्न हमखास विचारला जातो. "भाऊसाहेब, गाडी घ्यायची म्हणतोय. फोर-बाय-फोर. पण गिअरची घ्यावी का ऑटोमॅटिक?"

शेतीची पदविका घेतलेल्या माणसाला गाड्यांचे काय कळणार, असे वाचकांना वाटेल. ते खरेही आहे. मात्र ज्या पाणंदीतून या गाड्या जायच्या आहेत, त्या पाणंदी आम्ही रोज तुडवतो. कोणती माती पावसात कशी वागते, हे सांगणे आमच्या कामाचाच भाग आहे. आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर मातीतच आहे.

२०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. ज्यांचा माल नेमका त्या पंधरवड्यात तोडणीला आला त्यांचे सोने झाले. सप्टेंबर येईपर्यंत भाव कोसळलेही. पण मधल्या काळात जुन्नर तालुक्यात अनेक घरांत पैसा आला, आणि कर्ज फिटल्यावर, विहिरीचे काम झाल्यावर, उरलेल्या पैशांत गाडीचा विषय निघाला. काहींनी तेव्हाच घेतल्या, काही अजून विचार करताहेत. अशाच एका घरची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. ओतूरच्या पलीकडे माळशेजच्या वाटेवर, डोंगराच्या कडेला वस्ती आहे, एवढे पुरे.

घरातल्या कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात. वय साठीच्या आतबाहेर. तीस वर्षे ट्रॅक्टर चालवलेला हात. मुलगा टोमॅटोचा सगळा व्यवहार पाहतो, त्यामुळे हंगामात निम्म्या रात्री त्याच्या बाजारात जातात. सून शिकलेली, दोन लहान मुले, आणि अण्णांची म्हातारी आई. रस्त्यापासून वस्ती दीड किलोमीटर आत. मध्ये ओढा, ओढ्यावर बसकी मोरी, आणि मोरी ओलांडली की खळ्यापर्यंत अंगावर येणारा चढ.

आधीच्या पावसाळ्यात एका रात्री म्हातारीला खाचराच्या बांधावर साप चावला. मुलगा माल घेऊन बाजारात. अण्णांचा उजवा गुडघा सुजलेला, ते खाटेवर. घरात मारुतीची जुनी व्हॅन होती, पण ती चढावरून उतरवून ओढ्यातून काढणे सुनेच्या आवाक्याबाहेरचे होते. शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर येईपर्यंत पाऊण तास गेला. म्हातारी वेळेत ग्रामीण रुग्णालयात पोचली, लस मिळाली, आज ती बरी आहे. पण तो पाऊण तास त्या घरात अजून कोणी विसरलेले नाही.

तेव्हा गाडी घ्यायची हे ठरले होते. भांडण होते ते दांडीवरून.

मुलाला गिअरची हवी होती. "ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी," असे तो सुनेसमोरच बोलला. अण्णांचेही मत गिअरचेच. कारण वेगळे. "ऑटोमॅटिक बंद पडली तर ढकलून चालू होत नाही. रानात बसवून ठेवील." सून काही बोलत नव्हती. मला विचारले तेव्हा मीही पटकन 'गिअरचीच घ्या' म्हणणार होतो. आपल्याकडे तोच रिवाज आहे. पण म्हटले, आधी नीट पाहू.

आधी लहान दांडी पाहा

शोरूममध्ये गेल्यावर सगळी चर्चा मोठ्या दांडीची, म्हणजे गिअर की ऑटोमॅटिक याची होते. माझ्या मते त्याआधी पाहायची ती लहान दांडी. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हाय-लो समजावून सांगावे लागत नाही. खऱ्या फोर-बाय-फोर गाडीत तशीच सोय असते. '२एच' म्हणजे मागची दोन चाके, '४एच' म्हणजे चारही चाके नेहमीच्या वेगाला, आणि '४एल' म्हणजे चारही चाके आणि लो. लोमध्ये चाकाला मिळणारा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी होतो. काही नव्या गाड्यांत दांडीऐवजी बटण किंवा फिरवायची खुंटी असते. काम तेच.

हे सांगायचे कारण असे, की एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत मिळते. नाशिकला तयार होणारी महिंद्राची थार २०२० मध्ये नव्या रूपात आली तेव्हा ती फोर-बाय-फोरच होती. जानेवारी २०२३ मध्ये तिचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा स्वस्त प्रकार आला. दिसायला तीच गाडी. आमच्याच तालुक्यातल्या एकाने ती 'थार म्हणजे फोर-बाय-फोरच' या समजुतीने घेतली आणि पहिल्याच पावसात भाताच्या खाचराशेजारी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. दोन चाकांची गाडी वाईट नाही. डांबरी आणि खडीच्या रस्त्याला ती पुरते आणि पैसे वाचतात. पण आपण काय घेतोय ते माहीत पाहिजे. लहान दांडी नसलेल्या गाडीत मोठ्या दांडीवरून वाद घालून ओढ्याचा चढ चढता येणार नाही.

दोन्हींत फरक काय

गिअरच्या गाडीत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. आपण पाय सोडतो तशी ती प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलली की प्लेट घासते, तापते आणि जळका वास येतो. पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला तो वास ओळखीचा आहे. मलाही आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका मित्राची जुनी फोर-बाय-फोर मी नाणेघाटाकडच्या एका कच्च्या चढावर, पुढे अडकलेल्या पिकअपच्या मागे, दहा मिनिटे अर्ध्या क्लचवर तोलत बसलो. खाली उतरून हँडब्रेक लावून थांबायचे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी क्लचप्लेटचा खर्च मी दिला, आणि मित्राने वर्षभर ते ऐकवले.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, चाकाकडचा पंखा त्या जोराने फिरतो. मधल्या तिसऱ्या पात्यामुळे गाडी निघताना जोर आणखी वाढतो. घासणारी प्लेट मध्ये नसल्याने चढावर कितीही हळू चालवली तरी क्लच जळण्याचा प्रश्न येत नाही. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण सरकू लागते. मात्र जास्त ताणले की इथे तेल तापते, आणि तेल वारंवार तापणे गिअरपेटीला मानवत नाही.

एक गोष्ट या ठिकाणी मुद्दाम सांगितली पाहिजे. स्वस्त मोटारींत 'ऑटोमॅटिक' म्हणून जे मिळते ते पुष्कळदा एएमटी असते. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून आपल्याकडे हा प्रकार बोकाळला. त्यात साधीच गिअरपेटी आणि साधाच क्लच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबते. चढावर थांबून निघताना अशी गाडी मागे सरकू शकते, आणि रेंगाळत चढवली तर क्लचही तापतो. 'आमच्या पाहुण्याची ऑटोमॅटिक चढावर मागे येते' अशी तक्रार ऐकली की ती बहुधा एएमटीची असते. थार किंवा जिमनीची ऑटोमॅटिक त्या जातीची नाही. तिच्यात तेलाचा कन्व्हर्टर आहे. थारला ६ गिअरची, जिमनीला ४ गिअरची. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा मात्र गिअरचीच मिळत आली आहे. ज्याला ती घ्यायची आहे त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

पाणंदीतली परीक्षा

शोरूमवाले चाचणीसाठी गाडी महामार्गावर फिरवून आणतात. गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच वाटते. म्हणून मी अण्णांना सुचवले, की पाहुण्यांत कोणाकडे असतील तर दोन्ही प्रकारच्या गाड्या एक दिवस मागून आणा आणि आपल्याच ओढ्यावर चालवून पाहा. योगायोगाने दोन पाहुण्यांकडे एकाच मॉडेलच्या दोन्ही गाड्या होत्या. पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी, रस्ता ओला पण वाहता नाही अशा वेळी, त्या वस्तीवर आणल्या. घरातल्या तिघांनी दोन्ही गाड्या चालवायच्या असे ठरले.

पहिल्यांदा अण्णा ऑटोमॅटिकमध्ये बसले. खळ्यातून गाडी निघाली, दहा-पंधरा फूट गेली, आणि अण्णांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. क्लच नव्हताच. तो ब्रेक होता, आणि ऑटोमॅटिकचा ब्रेकचा पाटा रुंद असतो. गाडी जागच्या जागी थांबली, मी पुढच्या काचेवर आदळता आदळता वाचलो. मागे बसलेली नातवंडे हसू लागली. असे तीन वेळा झाले. गिअरच्या गाडीत मात्र अण्णा बसले आणि एखाद्या बैलजोडीसारखी त्यांनी ती चढावरून खाली उतरवली, ओढ्यातून काढली, वळवून परत आणली. एकदाही ब्रेकला फारसा पाय लावला नाही. परत आल्यावर मात्र उतरताना गुडघा धरून बसले. उजवा गुडघा तर होताच, पण क्लच दाबून दाबून डावाही बोलू लागला होता.

उताराला गिअरची गाडी सरस ठरली, हे मान्य केले पाहिजे. जुने चालक सांगतात, ज्या गिअरात चढ चढलास त्याच गिअरात उतर. लोमध्ये पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. ऑटोमॅटिक घेऊन मुलगा उतरला तेव्हा त्याने लहान दांडी लोवर घेतलीच नाही. मोठी दांडी 'डी' वर ठेवली. गाडीने आपणहून वरचे गिअर घेतले, वेग वाढला, तो ब्रेक दाबत राहिला, आणि मोरीजवळ मागचे टोक थोडे घसरले. फार काही झाले नाही, पण त्याचा चेहरा उतरला. हा दोष गाडीचा नव्हता. ऑटोमॅटिकमध्येही '४एल' घेऊन हाताने पहिला गिअर धरून ठेवता येतो, आणि तसे केल्यावर तीच गाडी शहाण्यासारखी उतरली. पण ते माहीत असावे लागते. गिअरच्या गाडीत ते हाताला आपोआप येते.

आता सून. तिने तीन महिन्यांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन्स काढले होते. गिअरच्या गाडीत ती मोरी ओलांडून चढाला लागली आणि मधोमध इंजिन बंद पडले. हँडब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर, तिन्ही एका वेळी साधायचे होते, आणि खाली ओढा दिसत होता. दुसऱ्यांदा पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागे आली तेव्हा मुलानेच ओरडून थांबवले. मग ती ऑटोमॅटिकमध्ये बसली. '४एल' घेतले, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी मुंगीच्या पावलाने निघाली. चढाच्या मध्यावर मी मुद्दाम थांबायला सांगितले. ती थांबली. परत निघाली. गाडी मागे आली नाही. वर खळ्यात येऊन तिने गाडी उभी केली आणि एवढेच म्हणाली, "मामंजी, रात्री मला जमंल हे."

त्यावर कोणी काही बोलले नाही. मुलगाही नाही.

चिखलात दोन्ही सारख्याच

काही वाचकांचा असा समज असतो की गिअरची गाडी चिखलातून निघते आणि ऑटोमॅटिक रुतते. तो बरोबर नाही. या वस्तीवर वरच्या अंगाला मुरमाड जमीन आहे, तिथे पाणी निचरून जाते आणि चाक धरते. ओढ्याकाठी मात्र काळी चिकण माती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते. ती टायरच्या खाचांत भरून बसते, आणि मग टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरत राहतो. अशा वेळी इंजिनात किती घोडे आहेत आणि दांडी कोणती आहे, याला काही अर्थ उरत नाही. उपयोगाला येतात ती खोल खाचांची टायर, आणि चाक गरगर फिरू न देणारा पाय. हवा थोडी कमी केली तर टायर पसरून जास्त धरतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती परत भरली पाहिजे.

फरक आहे तो थोडासा. ऑटोमॅटिक जोर हळूहळू सोडते, त्यामुळे नवख्याच्या हातूनही चाक जागेवर कमी फिरते. गिअरच्या गाडीत लोमध्ये मुद्दाम दुसरा गिअर टाकून निघता येते. तोही तोच परिणाम देतो. रुतलेली गाडी पुढे-मागे झोके देऊन काढायची असेल तर गिअरची बरी. ऑटोमॅटिकला सारखे 'डी' आणि 'आर' मध्ये नाचवले तर तेल तापते. दोन-चार झोक्यांत निघाली नाही तर थांबावे, फावडे घ्यावे, चाकापुढची माती काढावी, खाली गोणपाट किंवा फांद्या टाकाव्यात.

पाण्यातून जाताना गिअरच्या गाडीने आधीच पहिला गिअर धरावा आणि मध्येच क्लच दाबू नये. ऑटोमॅटिकमध्ये ही काळजी नाही. पण दोन्ही गाड्यांना एक नियम सारखा लागू आहे. मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचे. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. ते उभ्या पाण्याचे बोलणे आहे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी तरंगू लागते, आणि दोन फुटांचे पाणी मोठी गाडीही ओढून नेते. दरवर्षी पावसाळ्यात या पानाच्या शेजारच्या पानावर अशा बातम्या येतातच.

आणखी दोन बारीक गोष्टी. या गाड्यांत '४एच' किंवा '४एल' घेऊन कोरड्या डांबरावर फिरू नये. वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि मध्ये सूट नसल्याने सगळा पिळा यंत्रावर येतो. दुसरे, ज्या गाडीत लहान दांडीला न्यूट्रल आहे, तिथे ती चुकून न्यूट्रलवर राहिली तर मोठी दांडी 'पी' वर असूनही गाडी घरंगळू शकते. गिअरच्या गाडीत गिअर टाकून ठेवला तरी तेच. हँडब्रेक लावल्याशिवाय खळ्यात गाडी सोडू नये. खळ्यात पोरे खेळत असतात.

पैशाचा हिशोब

ऑटोमॅटिकला लाख-दीड लाख जास्त पडतात. दीड लाख वाढीव कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ३,२०० रुपयांनी वाढतो. ज्या घराचा पैसा टोमॅटोसारख्या पिकावर अवलंबून आहे, त्याने हा आकडा २०२३ च्या जुलैकडे पाहून धरू नये, त्याच वर्षीच्या सप्टेंबरकडे पाहून धरावा.

तेलाचा फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. जिमनी २०२३ मध्ये आली तेव्हा कंपनीने सांगितलेले मायलेज गिअरच्या गाडीला लिटरला १६.९४ आणि ऑटोमॅटिकला १६.३९ किलोमीटर होते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर एकीला ५९ लिटर आणि दुसरीला ६१ लिटर. दोन लिटरचा प्रश्न. पाणंदीत दोन्हींचे मायलेज याहून कमीच मिळणार, पण फरक फार वाढत नाही.

दुरुस्तीचे मात्र वेगळे आहे. क्लचप्लेट ओतूर-आळेफाट्याचा कोणताही हुशार मेस्त्री बदलून देतो. ऑटोमॅटिकची गिअरपेटी उघडणारा माणूस तालुक्याला मिळेलच असे नाही. ती सहसा बिघडत नाही, पण बिघडली तर गाडी उचलून न्यावी लागते आणि बिल पाहून घाम फुटतो. वॉरंटी किती वर्षांची आहे, आणि गिअरपेटीचे तेल किती किलोमीटरला बदलायचे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. वजन ओढणाऱ्या आणि घाटात राबणाऱ्या गाडीला ते तेल लवकर बदलावे लागते.

आता अण्णांची शंका. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही, हे अगदी खरे आहे. पण घरात ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरची बॅटरीही बहुतेक वेळा १२ व्होल्टचीच असते. जाड तारांची चांगली जंपर केबल घेऊन ठेवली, ट्रॅक्टर बंद ठेवून प्लसला प्लस आणि मायनसची तार बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, की काम होते. उलट लावली तर मात्र हजारोंचे इलेक्ट्रॉनिक जळते, तेव्हा घाईत हे करू नये. बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला बांधून चार चाकांवर तालुक्यापर्यंत ओढत नेणे हाही मोठा अपराध आहे. इंजिन बंद असताना गिअरपेटीत तेल फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. चिखलातून दहा-वीस फूट न्यूट्रलवर ओढून काढणे वेगळे. पुढे न्यायची तर चारही चाके उचलून, गाडीवर टाकूनच न्यावी.

हे सगळे पाहिल्यावर मी सरसकट ऑटोमॅटिकच घ्या असे सांगत नाही. त्याच महिन्यात आणे पठारावरच्या एका शेतकऱ्याला मी गिअरची घ्यायला सांगितली. त्याचा रस्ता सपाट, गाडी एकटा तोच चालवणार, डाळिंबाची फवारणीची टाकी मागे लावून बागेत न्यायची, आणि हप्ता आधीच ओढाताणीचा. त्याला दीड लाखाची चैन कशाला? चांगली टायर घे आणि उरलेल्या पैशांत ठिबकच्या नळ्या बदल, म्हटले. त्याने टायर घेतली. नळ्यांचे अजून व्हायचे आहे.

अण्णांच्या घरचा प्रश्न निराळा होता. तिथे गाडी चालवणारे तीन, त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला, एक रात्री घरी नसतो, आणि तिसरीला चढ सुटत नव्हता. शिवाय आमच्याकडे उसाच्या फडात बिबट्या आहे. पंपाची वीज रात्रीची असली की मोटार चालू करायला जाणारा माणूस हातात बॅटरी आणि जीव घेऊन जातो. बंद गाडीत बसून विहिरीपर्यंत जाता आले तर हवेच आहे, आणि ती गाडी घरातल्या कोणालाही नेता आली पाहिजे. हे मी बोलून दाखवले तेव्हा अण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग मुलाला म्हणाले, "तू बाजारात असलास म्हंजे ती गाडी खळ्यात शोभेला उभी करायची का?"

गाडी डिझेलची, लहान दांडीची आणि ऑटोमॅटिक अशी ठरली. मुलाने थोडे तोंड वाकडे केले, पण बयाणा त्यानेच नेऊन दिला.

परवा भात लावणीच्या प्रात्यक्षिकाला त्या बाजूला गेलो होतो. सूनबाई मुलांना शाळेत सोडून ओढ्यातून वर येत होती. म्हणाली, मागच्या आठवड्यात रात्री अकराला एकटी जाऊन मोटार चालू करून आले. अण्णाही आता चालवतात. डावा पाय अजून क्लच शोधतो, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली आहे. गाडीत बसताना डाव्या पायातली चप्पल बाहेर खळ्यातच काढून ठेवतात. पाय अनवाणी असला की लक्षात राहते म्हणे. ती एकटी चप्पल गाडी परत येईपर्यंत तिथेच पडलेली असते, आणि अण्णा गाडी घेऊन गेलेत की मुलगा, हे घरच्यांना त्यावरून कळते.